चौकोन, पट्ट्या आणि जुने कपडे : गोधडीची घरे कशी जोडावीत?

प्रत्येक घरात एक पेटी किंवा गाठोडे असते. त्यात दादीची सुती साडी, अब्बांच्या दोन लुंग्या, लेकीचा लहानपणीचा फ्रॉक आणि विरलेल्या ओढण्या असतात. हे कपडे घालता येत नाहीत आणि कुणाला द्यावेत इतके चांगलेही राहिलेले नसतात. टाकून द्यायला मात्र मन होत नाही. दर ईदच्या साफसफाईत हे गाठोडे बाहेर येते आणि पुन्हा आत जाते.

आपल्याकडे याचे उत्तर जुने आहे, ते म्हणजे गोधडी. पण गोधडी शिवणारे हात आता कमी होत चालले आहेत. ज्या दादी-नानी नुसत्या अंदाजाने तुकडा कापून जोडायच्या, त्यांच्याकडून ही कला पुढच्या पिढीने घेतली नाही. म्हणून गोधडीचा सर्वांत सोपा भाग आम्ही इथे मापासकट मांडत आहोत. फक्त चौकोन आणि आयत जोडून घरे कशी तयार करायची, एवढाच हा भाग आहे. गोलाई नाही, त्रिकोण नाही. सरळ शिवण येणाऱ्या कुणालाही हे जमते, मग मशीन असो वा हातातली सुई.

गोधडी, वाकळ, रजई : फरक काय?

गोधडी म्हणजे कापडाचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळही म्हणतात. तिच्यात कापूस भरलेला नसतो. जुन्या साड्या, धोतरे, चादरी हेच आतले थर असतात. बाळासाठी लहान आकाराचे शिवले की ते दुपटे.

रजईत मात्र कापूस भरतात, आणि त्या कामाशी आपल्या समाजाचा संबंध थेट आहे. महाराष्ट्रातल्या पिंजारी, मन्सुरी, नदाफ कुटुंबांनी कापूस पिंजण्याचे आणि गाद्या-रजया भरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. ताणलेल्या तातीवर कापूस पिंजताना होणारा तो टणटण आवाज आजही अनेकांच्या कानात असेल. पिंजारी दारावर येऊन रजई भरून देत असे. गोधडी मात्र घरातल्या बायकाच शिवत. एक कारागिराचा व्यवसाय, तर दुसरे घरातले बिनमोलाचे काम. कदाचित म्हणूनच गोधडीची मापे, तिच्या रीती कुणी लिहून ठेवल्या नाहीत.

तुकडे जोडण्याची रीत कुठे कुठे आहे?

उरलेल्या कापडाचे चौकोन जोडून पांघरूण करण्याची रीत जगभर सापडते. सिंध, कच्छ, राजस्थानच्या बायका रल्ली शिवतात. त्यात चौकोनी तुकड्यांची भडक रंगसंगती असते.

आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. मूळ आफ्रिकेतले हे लोक. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातल्या गुलामगिरीतून सुटून जंगलात आले. आज त्यांच्यात मुस्लिम, ख्रिस्ती आणि हिंदू अशी तिन्ही धर्मांची कुटुंबे आहेत. जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास आपण शाळेत वाचतो, पण या सिद्दी बायकांची गोधडी फार थोड्यांनी पाहिली आहे. ते तिला कवंद म्हणतात. कवंद शिवताना आधी तुकडे जोडून वरचा थर तयार करत नाहीत. आधाराच्या कापडावर कडेने सुरुवात करून तुकडे ठेवत आणि धावदोऱ्याने शिवत मध्याकडे जातात. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या लहान तुकड्यांची ‘फुले’ लावतात. फुलांशिवाय कवंद उघडे, अपुरे मानतात.

अमेरिकेत ही कला वेगळ्या वाटेने वाढली. तिथे आधी लहान लहान चौकोनी भाग शिवतात. अशा एका भागाला ब्लॉक म्हणतात. मग ते ब्लॉक एकमेकांना जोडून मोठे पांघरूण बनते. अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या नदीकाठच्या वस्तीत गुलामगिरीतून आलेल्या कुटुंबांच्या बायकांनी शेतावरच्या फाटक्या कपड्यांतून अशी पांघरुणे शिवली, ती थंडी भागवण्यासाठी. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. जे चिंध्यांचे काम समजले जात होते, त्याला कलेचा मान मिळाला.

ब्लॉकची ही पद्धत शिकणाऱ्यासाठी सोयीची आहे. मांडीवर मावेल एवढेच काम एका वेळी घ्यायचे. दुपारच्या तासाभरात एक घर होते. या लेखात ब्लॉकला आम्ही ‘घर’च म्हणणार आहोत.

कापड कोणते घ्यावे?

सुती कापड सर्वांत चांगले. जुन्या कपड्याचा फायदा असा की तो आधीच आटलेला असतो आणि त्याचा जादा रंगही निघून गेलेला असतो. नवा तुकडा मिसळायचा असेल तर आधी धुऊन वाळवा. लाल, काळा, गडद निळा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा बाजूला ठेवा.

कापड उजेडासमोर धरा. आरपार विरलेले दिसले, किंवा दोन्ही हातांनी ताणल्यावर चरचरले, तर ते वरच्या थरात घेऊ नका. आतल्या थराला ते चालेल. काख, गुडघा, कॉलर हे भाग सोडून द्या. होजिअरी, बनियनचे ताणणारे कापड आणि बुरख्याचे निसरडे सिंथेटिक कापड सुतीबरोबर जोडू नका. एक ताणते, दुसरे सरकते आणि घर वाकडे होते.

लुंगी मात्र नवशिक्यासाठी फारच उपयोगी. तिच्या चौकटीच्या रेघा म्हणजे तयार आखणी. त्या रेघेवरून कात्री चालवली की तुकडा सरळच निघतो.

आणखी एक गोष्ट. घरातली व्यक्ती इंतकाल झालेली असेल आणि तिचे कपडे वापरायचे असतील, तर कात्री लावण्याआधी भावंडांना, घरच्यांना विचारा. ते कपडे सगळ्या वारसांचे असतात. अम्मीचा एकच दुपट्टा उरलेला असतो आणि तो कुणाला जसाच्या तसा हवा असू शकतो. कापलेले कापड परत जोडता येते, पण आधीसारखे होत नाही.

सगळा हिशोब अर्ध्या इंचाचा

तुकडे जोडताना कडेला शिवणीसाठी जी जागा सोडतो तिला आपले टेलर मार्जिन किंवा दाब म्हणतात. या कामात दाब पाव इंच, म्हणजे २ सूत ठेवतात. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच जातो. म्हणून नियम एकच : तयार झाल्यावर जेवढे माप हवे, त्यात अर्धा इंच मिळवून कापा. तयार चौकोन ३ इंचांचा हवा असेल तर साडेतीन इंचांचा कापायचा. ९ इंचांचा हवा असेल तर साडेनऊ.

हे छोटे वाटते, पण इथेच काम बिघडते. आमच्या घरची पहिली गोधडी अशीच फसली होती. दोघींनी मिळून घरे शिवली, एकीचा दाब २ सूत आणि दुसरीचा ३ सूत. फरक एका सुताचा. पण शिवण दोन्ही तुकड्यांतून कापड खाते, त्यामुळे एका शिवणीत २ सूत गेले. एका घरात आडव्या ओळीत दोन शिवणी, म्हणजे ४ सूत, अर्धा इंच. अशी ६ घरे ओळीने लावली तर ३ इंचांचा फरक! एक ओळ लांब, एक आखूड, आणि मध्ये झोळ. दादींनी पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “डोळ्याने शिवता येतं, पण दोघींचा डोळा एक नसतो.” सगळी उसवावी लागली.

तेव्हापासून आम्ही मशीनच्या पट्टीवर, सुईपासून बरोबर पाव इंचावर चिकटपट्टी लावतो. कापडाची कड त्या पट्टीला लागून चालवायची. हाताने शिवणाऱ्यांनी तुकड्याच्या उलट्या बाजूवर पेन्सिलीने पाव इंचाची रेघ आखावी. पहिले घर शिवून झाले की फूटपट्टीने मोजा. माप बरोबर आले तरच पुढची घरे घ्या.

कापताना जाड पुठ्ठ्याचा साडेतीन इंचांचा चौकोन करून तोच शेवटपर्यंत वापरा. आधीच्या तुकड्यावर पुढचा तुकडा ठेवून कापत गेलात तर माप हळूहळू वाढत जाते. पुठ्ठा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून ठेवा. तिरपा कापलेला तुकडा ताणतो. कमीझचा १८ बाय २४ इंच सलग भाग मिळाला तर त्यातून ५ बाय ६, म्हणजे ३० चौकोन निघतात.

चार सोपी घरे

खालची चारही घरे तयार झाल्यावर ९ इंचांची, आणि जोडण्याआधी साडेनऊ इंचांची असतात. म्हणून ती एकाच गोधडीत मिसळता येतात.

१. चौघर. बाहेर याला फोर पॅच म्हणतात. ५ इंचांचे ४ चौकोन कापा, दोन गडद आणि दोन फिके. एक गडद एक फिका असे जोडून दोन जोड्या करा. एक जोडी उलटी फिरवून दुसरीला जोडा. गडद गडदाच्या तिरक्या कोपऱ्यात आला पाहिजे. लहान मुलांना शिकवायला हे घर उत्तम.

२. नऊघर. याला नाइन पॅच म्हणतात. साडेतीन इंचांचे ९ चौकोन लागतात, ५ गडद आणि ४ फिके. पहिली ओळ गडद-फिका-गडद, दुसरी फिका-गडद-फिका, तिसरी पहिलीसारखी. आधी तीन ओळी शिवा, मग ओळी एकमेकींना जोडा.

घरे जास्त करायची असतील तर चौकोन सुटे कापू नका. साडेतीन इंच रुंद आणि ४२ इंच लांब पट्ट्या कापा. जुन्या ओढणीतून, लुंगीतून त्या सहज निघतात. गडद-फिकी-गडद अशा तीन पट्ट्या लांबीत जोडा आणि मग आडव्या साडेतीन इंचांवर कापत जा. एका पट्ट्यातून १२ ओळी तयार! असे दोन पट्टे आणि फिकी-गडद-फिकी असा एक पट्टा केला की १२ नऊघरांचे सामान हातात येते. वेळ निम्म्याहून कमी लागतो.

३. पट्टीघर. याला रेल फेन्स म्हणतात, म्हणजे कुंपण. साडेतीन इंच रुंद आणि साडेनऊ इंच लांब अशा ३ पट्ट्या घ्या, गडद, मध्यम आणि फिकी. लांबीत जोडल्या की घर तयार. याची खरी गंमत मांडणीत आहे. एक घर उभे, शेजारचे आडवे असे ठेवत गेलात की गोधडीभर पायऱ्या चढताना दिसतात. सलवारीचे लांब तुकडे याच घरात खपतात.

४. लाकडी घर. याला लॉग केबिन म्हणतात. मध्ये चौकोन आणि भोवती फिरत जाणाऱ्या पट्ट्या, ओंडके रचल्यासारख्या. मधला चौकोन साडेतीन इंचांचा कापा. सगळ्या पट्ट्या २ इंच रुंद. त्यांची लांबी क्रमाने अशी : साडेतीन, ५, ५, साडेसहा, साडेसहा, ८, ८ आणि साडेनऊ इंच. पहिली पट्टी चौकोनाच्या एका बाजूला लावा. मग घर एक वळण फिरवा आणि दुसरी लावा. दर वेळी त्याच दिशेने फिरवायचे. पहिल्या दोन पट्ट्या फिक्या, पुढच्या दोन गडद, पुन्हा दोन फिक्या, दोन गडद असे केले तर अर्धे घर उजेडात आणि अर्धे सावलीत दिसते. अगदी अरुंद, एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या पट्ट्या इथे कामी येतात. मधल्या चौकोनात एखाद्या खास कपड्याचा तुकडा ठेवा. दादीच्या साडीचा तुकडा थोडाच असेल तर त्याची जागा हीच.

इस्त्री आणि कोपरे

प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री करा. शिवणीचा दाब उघडून पसरू नका, तो एका बाजूला, गडद कापडाकडे वळवा. यात दोन फायदे आहेत. गडद दाब फिक्या कापडाखालून डोकावत नाही. दुसरे म्हणजे, नऊघरात पहिल्या ओळीचे दाब बाहेर वळतात आणि दुसऱ्या ओळीचे आत. दोन ओळी एकमेकींवर ठेवल्या की ते दाब एकमेकांत बसतात. बोटाने चाचपले तर कळते. तिथेच टाचणी लावा, कोपरे आपोआप जुळतील. इस्त्री घासू नका, वरून दाबा. घासल्याने जुने कापड ताणते.

किती घरे लागतील?

बाळाच्या दुपट्यासाठी आडवी ४ आणि उभी ५ अशी २० घरे पुरतात. तयार माप ३६ बाय ४५ इंच. सोपी रीत अशी की १० नऊघरे शिवा आणि १० साधे साडेनऊ इंचांचे चौकोन कापा. बुद्धिबळाच्या पटासारखे एक आड एक मांडा. नऊघरांसाठी ५० गडद आणि ४० फिके तुकडे लागतील.

मोठ्या माणसासाठी आडवी ६ आणि उभी ९ अशी ५४ घरे घ्या. तयार माप ५४ बाय ८१ इंच, म्हणजे साडेचार फूट बाय पावणेसात फूट. २७ नऊघरे आणि २७ साधे चौकोन. रोज एक घर केले तरी महिनाभरात घरे तयार होतात.

जोडण्याआधी सगळी घरे चादरीवर पसरा आणि लांब उभे राहून बघा. एकाच रंगाचा डाग कुठे साचला असेल तर घर बदला. घरातल्या सगळ्यांना बोलवा. हा तुकडा कुणाच्या कपड्याचा, हे ओळखण्यात तासभर सहज जातो, आणि तो तास वाया जात नाही.

थर आणि धावदोरा

खालचे कापड वरच्या जोडकामापेक्षा चहूबाजूंनी २ इंच मोठे घ्या. ते जमिनीवर ताणून पसरा. मध्ये जुन्या सुती साडीचे दोन-तीन थर किंवा विरलेली सोलापुरी चादर घाला. वर जोडकाम ठेवा. मध्यापासून कडांकडे हात फिरवून सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. हे टाके टाळले की थर सरकतात आणि खाली चुण्या पडतात.

मग दुहेरी दोऱ्याने धावदोरा घाला. ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवले तरी थर घट्ट धरतात. अनेक घरांत कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्या घेत मध्याकडे जातात. काही जणी सरळ समांतर ओळी घालतात. दोन्ही चालते. दोऱ्याची गाठ थरांच्या आत ओढून घ्या. शेवटी मोठे ठेवलेले खालचे कापड कडेने दुमडून वर शिवले की वेगळा गोट लावायची गरज नाही.

बाळाच्या दुपट्याला बटण, टिकली, जर लावू नका. शिवून झाल्यावर उजेडात धरून, हात फिरवून टाचण्या आणि सुया मोजून घ्या. ओली गोधडी फार जड होते, म्हणून साध्या साबणाच्या पाण्यात बुडवून धुवा, पिळू नका. पाणी निथळू द्या आणि दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा.

विकायची असेल तर

काही बहिणी हे काम विकण्यासाठी करू पाहतात. त्यांना एकच सांगणे : कापड फुकटचे आहे म्हणून मजुरी फुकटची धरू नका. पहिल्या गोधडीला किती तास लागले ते वहीत लिहा. कापणे, जोडणे, धावदोरा, प्रत्येकाचे वेगळे. मग भाव सांगा. “चिंध्यांचीच तर आहे” असे म्हणणारे गिऱ्हाईक भेटेल. त्याला पाठीमागची बाजू उलटून दाखवा, तिथे टाके दिसतात.

आधी विचारून घ्या

मापे या लेखात आहेत. पण धावदोरा किती ताणायचा, सुई अंगठ्याने ढकलायची की बोटाने, जाड शिवणीवरून टाका कसा न्यायचा, हे लिहून कळत नाही. ते घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या कुणा वयस्क बाईच्या शेजारी बसूनच कळते. त्यांचे डोळे आता सुई ओवू देत नसतील, तर सुई आपण ओवून द्यावी. दोरा ओवलेली सुई हातात आली की त्या हातांना अजून सगळे आठवते, हे आम्ही पाहिले आहे.

या हिवाळ्याआधी ते गाठोडे उघडा. पहिल्या दिवशी फक्त ९ चौकोन कापा.